माझ्या विधवेसोबत पोर्ट सईदला

लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, पोर्ट सईदच्या एका हॉटेलच्या काउंटरपाशी उभा असताना, मला कळलं की मी वारलो आहे.

बातमी देणारा माणूस अतिशय सभ्य होता. त्याचं नाव लबीब, हॉटेलचा मॅनेजर. त्याने आधी माझं ओळखपत्र पाहिलं, मग माझ्या बायकोचं. बायकोचं उलटं करून पाहिलं. मग तो उभा राहिला, कोटाचं बटण लावलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "देव त्यांना शांती देवो, मॅडम."

"कोणाला?" इनायातने विचारलं.

"तुमच्या मिस्टरांना."

इनायातने माझ्याकडे पाहिलं. मीही माझ्याकडे पाहिलं. शर्ट नवा होता, इस्त्री कडक होती, पोटही जागच्या जागी होतं. काही बिघडल्यासारखं दिसत नव्हतं.

त्याआधी, जिन्यात

आम्ही तांता शहरात राहतो. आमच्या इमारतीत जिना उतरताना हातात बॅग असली की ती एकट्या तुमची राहत नाही. तळमजल्यावर पोचेपर्यंत तिच्यात काय हवं होतं आणि काय नको होतं, यावर सगळ्यांची मतं तयार असतात.

"पोर्ट सईद?" वरच्या मजल्यावरच्या उम्म शरीफने विचारलं. "ह्या दिवसांत लोक समुद्रावर जायचं तर रास-अल-बरला जातात."

"लोक जातात. आम्ही पोर्ट सईदला राहिलोय. लग्नानंतरची पहिली काही वर्षं. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचो."

"राहिलायत ना? मग परत काय बघायचं राहिलंय?"

तिचा नवरा हाजी बयूमी, याची अडचण वेगळीच. "हॉटेलात, उस्ताद रिफअत? बायकोला घेऊन?"

"मग कुणाला घेऊन जाऊ?"

"तसं नाही हो. पण बायको घरी असतेच की. तिच्यासाठी आणखी एक खोली भाड्याने घ्यायची, म्हणजे..." तो शब्द शोधू लागला, तेवढ्यात त्याची नजर उम्म शरीफकडे गेली आणि शोध तिथेच थांबला.

"ते राहू दे," उम्म शरीफ म्हणाली. "निकाहनामा घेतलात का? हॉटेलवाले मागतात. माझ्या भाचीला मागितला होता."

आता, मी निवृत्त उपमुख्याध्यापक आहे. पोरांची एक आख्खी पिढी माझ्या नुसत्या खाकरण्याने रांगेत उभी राहिलेली आहे. "तुमची भाची नवी नवरी होती," मी म्हटलं. "आमच्याकडे बघा. माझ्या टकलाकडे बघा, इनायातच्या गुडघ्यांकडे बघा. आम्हाला बघून कुणाच्या मनात पाप येणार आहे?"

"माझ्या गुडघ्यांना मध्ये आणू नकोस," इनायात म्हणाली.

"घ्या हो," उम्म शरीफ म्हणाली. "कागदाला असं काय वजन असतं?"

"कागदाला नसतं. अपमानाला असतं."

हे मी आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणालो. वाक्य चांगलं होतं. त्याच्यावर विचार करायला पुढे मला भरपूर वेळ मिळाला.

हट्ट कोणाचा

(इनायातचं म्हणणं, हट्ट माझा. तिने नुसतं बोलून दाखवलं होतं.)

दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मी तिला विचारतो, काय हवं. दरवर्षी ती सांगते, चहाची गाळणी. किंवा पातेल्याचं झाकण, जुनं बसत नाही. मी आणतो. असे आमचे वाढदिवस.

ह्या वर्षी विचारलं तर ती भेंडीची देठं कापता कापता म्हणाली, "पोर्ट सईदला एक रात्र. कालव्याकडे उघडणारी खिडकी. आपण दोघं, आणि खालून जाणारी जहाजं."

आमची पोर्ट सईदची खोली मागच्या गल्लीत होती. तिथून जहाजं फक्त ऐकू यायची. पस्तीस वर्षांत तिने मागितलेली ही पहिली वस्तू, जी भांड्यांच्या दुकानात मिळत नव्हती. ती तिला मिळायलाच हवी होती आणि आत्ताच हवी होती. आमचं मला माहीत आहे. एकदा बॅग परत कपाटावर गेली की ती पुन्हा खाली येत नाही.

मी कसा वारलो

आमच्याकडे पुरुषाच्या ओळखपत्राच्या मागे 'विवाहित' एवढंच लिहितात. कुणाशी, ते सरकार विचारत नाही. बाईच्या कार्डावर मात्र नवऱ्याचं नाव येतं. इनायातच्या कार्डावर माझ्या नावाच्या जागी काही नव्हतं, आणि स्थिती ह्या रकान्यात होतं: विधवा.

"हे कधी झालं?" मी तिला विचारलं. जसं काही तिने माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

ती आठवू लागली. "कार्ड नवं करायला गेले तेव्हा मी काळ्यात होते. आमचा कमाल नुकताच गेला होता." कमाल म्हणजे तिचा भाऊ. "खिडकीतल्या माणसाने माझे कपडे बघितले. म्हणाला, वारले का? मी म्हटलं, हो, गेला बिचारा, फार चांगला माणूस. तो म्हणाला, देव शांती देवो. आणि त्याने काहीतरी टाइप केलं."

"आणि तू कार्ड वाचलं नाहीस?"

"पुढून बघितलं. फोटो इतका वाईट आला होता की मागून बघायची हिंमत झाली नाही."

म्हणजे एका सरकारी माणसाने सहानुभूती दाखवली आणि तिची रीतसर नोंद केली. तक्रार करायची तर कशाची? कमाल जाऊन बरीच वर्षं झाली. तेवढी सगळी वर्षं मी वारलेला होतो. त्या अवस्थेत मी विजेची बिलं भरली, दाढ काढून घेतली, उम्म शरीफच्या मुलाला भूगोलात पास करून दाखवलं. इतर मयत माणसांना एवढी कामं सांगतात का, मला माहीत नाही.

"माझी अडचण समजून घ्या," लबीब म्हणाला. "साहेब विवाहित, तसं कार्डावर आहे. मॅडम विधवा, तेही कार्डावर आहे. एक विवाहित पुरुष. एक विधवा बाई. एक खोली. कालव्याकडची खिडकी." त्याने डोळे मिटून घेतले. ती खिडकी त्याला दिसली असावी.

"अहो, मी हिचा नवरा आहे!"

"कोणता? कारण कार्डाप्रमाणे ते..."

"तोच!"

"मग देव तुम्हाला शांती देवो, साहेब."

मुलीला फोन लावून देतो म्हटलं. तो म्हणाला, जरूर लावा, पण ती तुमचीच मुलगी कशावरून, तेही मला बघावं लागेल. शेवटी मी तांताला उम्म शरीफला फोन केला. कुंड्यांना पाणी घालायला आमच्या घराची किल्ली तिच्याकडे ठेवली होती.

"मी सांगितलं नव्हतं?" ती म्हणाली. नमस्कार-चमत्कार सोडून थेट हेच. मागून हाजी बयूमीचा आवाज आला, "विचार, गेलेच कशाला हॉटेलात?"

निकाहनामा कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं. कुलपाची किल्ली इनायातच्या पर्समध्ये, म्हणजे आमच्याबरोबर पोर्ट सईदला आली होती. तिला हवापालट झाला, एवढंच.

"बयूमी म्हणतायत, कुलूप फोडतो!" उम्म शरीफ ओरडली. "त्यांच्याकडे पहार आहे!"

इनायातने माझ्या हातातून फोन घेतला. "माझ्या आईच्या कपाटाला पहार लावायची नाही. त्यापेक्षा मी विधवा बरी." आणि फोन ठेवून दिला.

चिडली की ती मला शेजाऱ्यांसारखं 'उस्ताद' आणि 'तुम्ही' म्हणते. "हं, उस्ताद रिफअत," ती म्हणाली, "आता तुम्हीच सांगा यांना, अपमानाला किती वजन असतं ते."

मी लबीबकडे वळलो. आवाज चढला होता. "मग काय करू म्हणता? हिच्याशी परत लग्न करू?"

मला वाटलं होतं तो ओशाळेल. त्याचा चेहरा उजळला. "कराल? मशिदीच्या मागे काझी बसतात, शेख मुतवल्ली. आजच्या तारखेचा निकाहनामा आणा, खोली मी अडवून ठेवतो. नवीन जोडप्याला आम्ही उशीवर मोगऱ्याची फुलंसुद्धा ठेवतो."

काझीसमोर, झालं तसं

काझी: वधूचं नाव?

मी: इनायात अब्दुस्समद.

(वधूने गुडघा चोळला.)

काझी: स्थिती?

मी: विधवा.

काझी: आधीचा नवरा कशाने गेला?

इनायात: टायपिंगने.

काझी: त्याच्या मृत्यूचा दाखला आणलाय?

मी: अजून निघाला नाही. त्याची तब्येत तशी बरी आहे.

काझी: (चष्मा काढून) वराची स्थिती?

मी: विवाहित.

काझी: म्हणजे हे तुमचं दुसरं लग्न. पहिल्या बायकोला कायद्याने नोटीस पाठवावी लागेल. तिचं नाव, पत्ता?

मी: इनायात अब्दुस्समद. पत्ता तोच.

काझी: तिला ह्या लग्नाची कल्पना आहे का?

इनायात: तिला संशय आहे.

काझीने पेन खाली ठेवलं, चहा मागवला आणि सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. मी गंभीरपणे सांगत होतो, तो डोळे पुसत होता. एकदा तर त्याने दाढीच टेबलावर टेकवली.

"उस्ताद," शेवटी तो म्हणाला, "माणसाचं त्याच्याच बायकोशी लग्न लावायची सोय नाही. कार्ड तांतालाच दुरुस्त करून घ्या, मला ह्यात काहीही करता येणार नाही." आम्ही उठायला लागलो. "पण थांबा. त्या खुर्चीत बसलेल्या बाईला विचारल्याशिवाय मी आजवर उठू दिलेलं नाही, तेव्हा माझ्या वाटणीचं काम मी करतो." तो इनायातकडे वळला आणि आवाज बदलून, खऱ्या लग्नात विचारतात तसं त्याने विचारलं, "इनायात अब्दुस्समद, रिफअत नावाच्या ह्या माणसाशी लग्न करायला तुमची संमती आहे का?"

मी एव्हाना बॅग उचललीही होती.

इनायातने खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. शेखकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत शेखकडे.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

विचार?

विचार!

रस्त्याने

मी दोन पावलं पुढे चालत होतो. दुखावलेला माणूस पुढे चालतो, म्हणजे त्याची पाठ दिसते. पण इनायातचं माझ्या पाठीकडे लक्षच नव्हतं. ती वर बघत होती. जुन्या घरांचे लाकडी सज्जे, चार-चार मजले एकावर एक रचलेले, रंग उडालेले, अजून कपडे वाळत असलेले.

"हा बघ! इथे तो चष्मेवाला होता ना, अर्मेनियन?"

"असेल."

"आणि इथे तू पाय घसरून पडलास. मी तुला हसले म्हणून दोन दिवस बोलला नाहीस."

मला आठवत नव्हतं. म्हणजे पडल्याचं आठवत होतं.

आमची गल्ली होती, आमचं घर नव्हतं. तिथे मोबाइलचं दुकान होतं आणि त्याच्या दारात एक यंत्र साबणाचे फुगे सोडत होतं. का, ते कळलं नाही. इनायात त्या फुग्यांत उभी राहून हिशेब लावू लागली. "इथे जिना. म्हणजे आपली खोली हवेत, त्या पाटीच्या जरा वर."

आम्ही दोघांनी हवेत, पाटीच्या जरा वर बघितलं. दुकानदारानेही बाहेर येऊन बघितलं.

त्या काळी पोर्ट सईदला परदेशी माल बिनजकातीचा मिळायचा, आणि शहराबाहेर पडताना नाक्यावर झडती व्हायची. बॅगेत कपडे सापडले की जकात लागे, अंगावर असले की नाही. एकदा ऐन उन्हाळ्यात आम्ही तिच्या माहेरी निघालो, तेव्हा इनायातने तीन बहिणींचे तीन स्वेटर एकावर एक घातले होते. नाक्यावरचा अधिकारी तिला बघत राहिला. म्हणाला, "ताई, थंडी वाजतेय?" इनायात, घामाने निथळत, म्हणाली, "माझं रक्त पातळ आहे." त्याने आम्हाला सोडलं. वर मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला खजूर खायला घाला." पुढच्या वळणावर बस गेल्याबरोबर आम्ही इतके हसलो की ड्रायव्हरने मागे वळून बघितलं.

हे आठवलं आणि मला हसू आलं. मग आठवलं की मी रागावलेलो आहे.

कोपऱ्यावर तिने मीठ-लिंबातले शिंपले घेतले, कागदाच्या पुडीत. तांतात ते मिळत नाहीत. मिळतात, पण ती त्यांना शिंपले म्हणत नाही. पुडी घेऊन आम्ही फेरीबोटीवर चढलो. ही बोट माणसांना आणि मोटारींना कालव्याच्या ह्या काठावरून त्या काठावर, पोर्ट फुआदला, फुकट नेते आणि फुकट आणते. तिच्यावर कुणी कार्ड मागत नाही. शेजारी शेजारी बसलेल्या बाई आणि बुवाकडे कुणी बघतसुद्धा नाही. तिथे बसल्यावर मला जरा जिवंत वाटलं.

पलीकडे पोचलो. उतरलो नाही. परत निघालो.

"आता तरी सांग," मी म्हटलं. "विचार कसला करायचाय? पस्तीस वर्षं. दोन मुली. माझा मुतखडा तू बाटलीत जपून ठेवला होतास. त्या शेखसमोर माझी काय शोभा झाली?"

इनायातने एक शिंपला चोखला आणि कवच पाण्यात टाकलं. दोन सीगल उगाच धावले.

"पहिल्या वेळी मला कुणी विचारलं होतं?"

"म्हणजे काय?"

"तू आणि बाबा बाहेर दिवाणखान्यात. निकाह लावताना हातात हात, वर पांढरा रुमाल. मी आतल्या खोलीत बायकांमध्ये. मग रजिस्टर आत आलं. मावशीने माझा अंगठा धरला, शाईत बुडवला, कागदावर दाबला. मी मान वर करेपर्यंत बाहेर सगळे सरबत प्यायला लागले होते. तो रुमालसुद्धा मी बघितला नाही."

"पण तू तयार होतीस!"

"होते की. चांगली तयार होते. पण विचारलं कुणी?" तिने डोक्यावरची ओढणी वाऱ्यात घट्ट धरली. "आज, ह्या वयात, पहिल्यांदा एका माणसाने मला खुर्चीत बसवून, माझं पूर्ण नाव घेऊन विचारलं. तेवढ्यात 'हो' म्हणून ते संपवून टाकू? जरा राहू दे ना माझ्याकडे."

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला वाऱ्यांबद्दल बरंच काही सांगता येतं. मी एवढंच विचारलं, "आणि विचार करून नाही म्हणालीस तर?"

"तर काय, तू तसाही वारलेला आहेस."

आणि तिने मला शिंपला दिला.

दोन खोल्या

संध्याकाळी तांताची शेवटची बस होती. मी बसस्टँडकडे बघितलं, इनायात कालव्याकडे. मी लबीबकडे गेलो आणि दोन खोल्या मागितल्या. माझ्या हातून इतकं शहाणपणाचं काम क्वचितच झालं असेल, आणि ते करताना माझी मान खाली होती.

तिला तिसऱ्या मजल्यावरची, कालव्याकडची खोली मिळाली. मला तळमजल्यावर मागची. लबीबने स्वतः माझी बॅग आणून ठेवली आणि जाता जाता सांगितलं की जिन्याला एकच वाट आहे आणि ती काउंटरवरून जाते. हे त्याने इतक्या अदबीने सांगितलं की मी आभार मानले.

माझ्या खोलीला खिडकी होती. खिडकीबाहेर हॉटेलचं स्वयंपाकघर होतं, आणि एक मांजर, तिच्या चेहऱ्यावर सगळ्या जगाची तक्रार. मी पलंगावर बसलो. पस्तीस वर्षांत, कुणाचं बाळंतपण नाही, कुणाचं आजारपण नाही, आणि तरीही आम्ही दोन खोल्यांत, असं पहिल्यांदाच घडत होतं. मोजे काढले. मग परत घातले. एखादी बाई विचार करत असताना खालच्या मजल्यावर नेमकं काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वेळी तर मी निकाहाच्या आदल्या दुपारी गाढ झोपलो होतो.

उशाशी एक जुना फोन होता, तबकडीचा. तो वाजला.

"उस्ताद रिफअत?" तिने उस्ताद म्हटलं, पण आवाजात राग नव्हता. ह्या दोन्हींची बेरीज मला करता येईना.

"बोल."

"एवढं मोठं जहाज चाललंय! इमारत चालावी तसं. डेकवर एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, मला त्याचा बनियन दिसतोय."

"मला कांद्याची पोती दिसतायत."

ती हसली. तारेतून तिच्या खिडकीतला वारा येत होता.

"शेखने विचारलं," ती म्हणाली. "तू कुठे विचारलंस?"

मी उभा राहिलो. बूट घातले. फोनवर बूट दिसत नाहीत, पण हे काही मोज्यांवर उभं राहून विचारायचं नव्हतं. शाळेच्या प्रार्थनेआधी खाकरायचो तसा खाकरलो आणि म्हटलं, "इनायात अब्दुस्समद, माझ्याशी लग्न करायला तुझी संमती आहे का?"

"काय? भोंगा वाजला. ऐकू नाही आलं."

मला कुठलाही भोंगा ऐकू आला नव्हता. मी परत विचारलं, जरा मोठ्याने. स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी घासायचं थांबलं.

"आता आलं ऐकू?"

"आता आलं. मघाशीही आलं होतं," ती म्हणाली. "आणखी एकदा विचार ना."

तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज बिघडला. वर्गासमोर तो कधी बिघडला नव्हता. 'संमती' हा शब्द अर्ध्यावर अडकला, मी तो परत पहिल्यापासून म्हटला, आणि मग तबकडीकडे बघत उभा राहिलो. त्या क्षणी ती नाही म्हणू शकत होती. हे मला पस्तीस वर्षांत प्रथमच कळत होतं.

"हो," इनायात म्हणाली. "संमती आहे."

आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही. तेवढ्यात मधूनच, तारेवर, कुणीतरी नाक शिंकरलं.

"हजार वेळा मुबारक, साहेब," लबीब म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "मॅडम, तुम्हालाही. पण कार्ड दुरुस्त होईपर्यंत खोल्या दोनच राहतील."